बाळाला खुणांची भाषा शिकवावी का? कोणाला, कशी आणि कशासाठी

आपल्याकडे जेमतेम बसायला लागलेल्या बाळाला घरातलं प्रत्येक माणूस हाताने काही ना काही करायला शिकवतच असतं. देवघरापुढे नेलं की ‘बाप्पाला जयजय कर’, कोणी निघालं की ‘टाटा कर’, गच्चीवर गेलं की ‘चांदोबा कुठाय, दाखव’. नऊ-दहा महिन्यांचं पोर हे सगळं मजेत करतं, आणि त्या वेळी त्याच्या तोंडात ‘मम्मम’, ‘बाबा’ यापलीकडे फारसं काही आलेलं नसतं. तोंडाने शब्द फुटण्याआधी हाताने अर्थ सांगता येतो, हे आपल्या आज्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. सध्या ‘बेबी साइन’ या नावाने व्हिडिओ, तक्ते आणि वर्ग दिसतात, ते याच सवयीचं पद्धतशीर रूप आहे.

पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. ऐकू येणाऱ्या बाळाला ‘दूध’, ‘आणखी’, ‘झालं’ अशा दहा-वीस खुणा शिकवणं ही एक. ऐकू न येणाऱ्या बाळाला त्याची पहिली भाषा देणं ही दुसरी. पहिली हौस आहे, आणि चांगली हौस आहे. दुसरी गरज आहे, आणि तिला वेळेचं बंधन आहे. या लेखात दोन्हींबद्दल लिहिलंय, पण मला खरी तळमळ दुसरीची आहे.

हात तोंडाच्या आधी का तयार होतात

‘पाणी’ म्हणायला काय काय लागतं बघा. श्वास नेमका सोडायचा, ओठ मिटून उघडायचे, घशातला आवाज सुरू करायचा, जीभ मागे वळवून टाळूला लावायची, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात, एकापाठोपाठ एक. बाळाच्या जिभेवर आणि श्वासावर एवढा ताबा यायला वेळ लागतो. म्हणून तर आपले बाळबोलीतले शब्द बहुतेक ओठांवरचे असतात : मम्मम, बाबा, पापा, भूभू, माऊ. त्यामानाने मूठ उघडणं-मिटणं, टाळी वाजवणं, बोट दाखवणं सोपं.

समजण्याचं वेळापत्रक मात्र याच्या बरंच पुढे असतं. एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंगली यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चित्रं ठेवली आणि आईला त्यातल्या एकाचं नाव घ्यायला सांगितलं. बाळांची नजर कुठे जाते हे यंत्राने टिपलं. खाण्याच्या वस्तूंची आणि शरीराच्या अवयवांची नावं या बाळांना कळत होती, असं त्यातून दिसलं. म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात शब्द कळू लागतो आणि तो तोंडातून यायला सहसा वर्ष उलटतं. मधले पाच-सहा महिने बाळाला कळतंय बरंच, पण सांगता येत नाही. रडणं, ओढणं, ताटली भिरकावणं यातलं पुष्कळसं त्या अडकलेपणातून येतं. खुणांचा उपयोग होतो तो या मधल्या काळात.

डेव्हिसची फुलं आणि बुद्ध्यांकाचा दावा

१९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांच्या लक्षात आलं, की आपली वर्षभराची मुलगी फूल दिसलं की नाक आक्रसून हुंगल्यासारखं करते. खरं फूल असो, चित्रातलं असो, खूण तीच. ‘फूल’ हा तिचा शब्दच होता, फक्त तो नाकात होता. सुझन गुडविन या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी इतर घरांमध्ये पाहिलं, तर पुष्कळ बाळं कोणी न शिकवता अशा खुणा तयार करत होती. मग त्यांनी पालकांना मुद्दाम खुणा शिकवायला सांगून मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत ही लाटच आली. त्याच सुमारास जोसेफ गार्सिया हे दुभाषी अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खऱ्या खुणा ऐकू येणाऱ्या बाळांना शिकवण्याचा पुरस्कार करत होते. आज इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक खुणा त्या वळणाच्या आहेत.

त्याबरोबर एक दावाही पसरला : खुणा शिकलेल्या मुलांचा आठव्या वर्षी बुद्ध्यांक जास्त भरतो. हा दावा एका परिषदेत मांडला गेला आणि तिथून जाहिरातींमध्ये शिरला. पालकांनी त्यावर पैसे खर्च करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. २००५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या मोठ्या फायद्यांना भक्कम आधार सापडला नाही. कुठे तुलनेला दुसरा गट नव्हता, कुठे मुलं फार थोडी होती.

त्यानंतरचा एक अभ्यास मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ब्रिटनमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. चाळीस बाळं आणि त्यांच्या आया, आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत. काही आयांना ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या खुणा दिल्या, काहींना साधे हातवारे, काहींना फक्त ठरावीक शब्दांवर भर द्यायला सांगितलं, तर काहींना काहीच सांगितलं नाही. मुलांच्या बोलण्यात या गटांमध्ये फरक पडला नाही. लवकरही नाही आणि उशिराही नाही. फरक पडला तो आयांमध्ये. खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या बारीकसारीक हालचालींना जास्त प्रतिसाद देत होत्या, आणि बाळाला स्वतःचं असं काही मन आहे, हे धरून वागत होत्या.

माझ्या मते खुणा शिकवायचं खरं कारण हेच. बाळ हुशार होईल म्हणून नाही. आपण त्याच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे पाहायला लागतो म्हणून.

याच अभ्यासात आजी-आजोबांच्या शंकेचंही उत्तर आहे. ‘आत्ताच हातवारे शिकवलेत तर बोलेल कधी?’ ही शंका काळजीपोटी येते आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. हातवारे बोलण्याच्या वाटेत येत नाहीत, उलट बोलणं त्यांच्यामागून येतं. जॅना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दाखवलं, की मूल एखादी वस्तू आधी बोटाने दाखवतं आणि तिचं नाव काही महिन्यांनी तोंडात येतं. मूल चपलेकडे बोट करून ‘बाबा’ म्हणालं, की समजा ‘बाबांची चप्पल’ हे दोन शब्दांचं वाक्य तयार होतंय. त्यातला अर्धा भाग सध्या हातात आहे, एवढंच.

एक खूण, अगदी जवळून

‘आणखी’ची अमेरिकन खूण अशी : दोन्ही हातांची बोटं अंगठ्याला टेकवून चोचीसारखा आकार करायचा आणि दोन्ही चोची एकमेकींना दोन-तीनदा टेकवायच्या. समजा आठ महिन्यांचं बाळ नाचणीची खीर खातंय. एक चमचा दिला, गिळून झाला, त्याचे डोळे वाटीकडे लागले. इथे चमचा थांबवायचा. वाटी आणि आपला चेहरा त्याला एकाच वेळी दिसेल असे हात धरायचे, खूण करायची आणि तोंडाने म्हणायचं, ‘आणखी? आणखी खीर?’ लगेच चमचा द्यायचा. त्याने खूण केली नाही तरी द्यायचा. खाणं अडवून धरून खूण करून घेणं हा छळ आहे, शिकवणं नव्हे.

हे रोज, प्रत्येक जेवणाला. पहिले काही आठवडे काहीच होत नाही आणि इथेच बहुतेक पालक सोडून देतात. मग एक दिवस बाळ टाळी वाजवतं, किंवा एका हाताचं बोट दुसऱ्या तळहातावर टोचतं, आणि वाटीकडे बघतं. ती ‘आणखी’च आहे. ‘पाणी’चं ‘पापी’ होतं तसंच हे. बोटांची चोच करणं त्याला अजून जमत नाही. हात धरून सुधारायला जाऊ नका, तुम्ही नीट खूण करत राहा.

सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान सुरुवात करावी. एका वेळी तीन-चार खुणा पुरे, आणि त्या बाळाच्या कामाच्या असाव्यात. ‘धन्यवाद’ ही खूण पालकांना आवडते, पण बाळाला तिचं काही पडलेलं नसतं. त्याला दूध हवं असतं, पंखा बघायचा असतं, भूर जायचं असतं. खूण करताना बोलणं कधीच थांबवायचं नाही.

खुणा कुठल्या निवडायच्या? घरच्या घरी ठरवलेल्या चालतात. पण शिकायच्याच असतील तर भारतीय सांकेतिक भाषेतल्या शिका, असं मी आग्रहाने सांगेन. अमेरिकन आणि भारतीय या दोन वेगळ्या भाषा आहेत. अमेरिकेत अक्षरं एका हाताने करतात, आपल्याकडे दोन हातांनी. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोचला आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट पाहता येतात. उद्या तुमच्या मुलाला शाळेत किंवा सोसायटीत एखादं कर्णबधिर मूल भेटलं, तर निदान चार शब्द तरी दोघांचे सारखे असतील.

चार खुणा म्हणजे भाषा नव्हे

दूध, आणखी, झालं हे सुटे शब्द आहेत. सांकेतिक भाषा म्हणजे व्याकरणासकट पूर्ण भाषा. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या गॅलॉडेट महाविद्यालयातल्या विल्यम स्टोकी यांनी हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडलं. प्रत्येक खुणेत हाताचा आकार, तो शरीरापाशी कुठे आहे ती जागा आणि त्याची हालचाल हे घटक असतात, आणि त्यातला एक बदलला तर शब्दच बदलू शकतो. भुवया आणि मान व्याकरणाचं काम करतात. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. या भाषेत भांडता येतं, कविता करता येते, गणित शिकवता येतं, खोटंही बोलता येतं.

हे बाळाच्या मेंदूलाही कळतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. कर्णबधिर आईबापांची दोन कर्णबधिर बाळं आणि ऐकू येणारी तीन बाळं त्यांनी सुमारे दहा ते चौदा महिन्यांची असताना पाहिली. ऐकणारी बाळं जशी ‘बाबाबा, दादादा’ करतात, तशी ती दोन बाळं हातांनी बडबडत होती : घरात दिसणाऱ्या भाषेतलेच हाताचे आकार, तेच तेच, लयीत, अर्थ नसताना. भाषा कानातून येते की डोळ्यांतून, याच्याशी मेंदूला देणंघेणं नसतं. ती यायला मात्र हवी.

आणि बाळाला ऐकूच येत नसेल तर

दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळं जन्मतः लक्षणीय श्रवणदोष घेऊन येतात. अमेरिकेतल्या पाहणीत अशा दहांपैकी नऊपेक्षा जास्त मुलांचे आईबाप ऐकू येणारे असल्याचं दिसलं. म्हणजे घरात कोणालाच सांकेतिक भाषा येत नसते आणि बाळापर्यंत घरातली भाषा पोचत नसते.

हे लक्षात यायला फार उशीर होतो. कर्णबधिर बाळही सुरुवातीला हुंकार देतं, हसतं, आवाज काढतं. शंका आली की आपल्याकडे ठरलेली परीक्षा असते : पाठीमागे जाऊन ताट वाजवायचं. बाळ वळतं, घर सुटकेचा श्वास टाकतं. पण वाजवणाऱ्याची सावली पुढे पडलेली असते, पावलांनी फरशी हललेली असते, समोर बसलेल्या मावशीची नजर मागे गेलेली असते. त्यातल्या कशानेही बाळ वळू शकतं. काही वेळा मोठा, घोगरा आवाज त्याला खरंच ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत.

त्यापेक्षा जन्मानंतर ओएई तपासणी करून घ्या. झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ टोक ठेवतात, यंत्र बारीक आवाज सोडतं आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतं. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा ही तपासणी : आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, हे डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून बघतात. जगभर पाळला जाणारा नियम १-३-६ असा आहे : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू. तुमच्या दवाखान्याने तपासणी सुचवली नसेल तर तुम्ही विचारा. आणि तपासणी ठीक आली असली तरी बाळ वर्षाचं होऊनही बोट दाखवत नसेल, किंवा बडबड सुरू होऊन थांबली असेल, तर थांबून बघू नका, पुन्हा दाखवा.

निदान झालं की पालकांना श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. इम्प्लांटने कित्येक मुलं छान बोलू लागतात. पण त्याबरोबर अजूनही एक सल्ला दिला जातो : ‘खुणा करू नका, नाहीतर बोलणार नाही.’ याची मुळं जुनी आहेत. १८८० मध्ये इटलीत मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. मधल्या १३० वर्षांत किती मुलांचे हात वर्गात बांधले गेले, याचा विचार केला तरी जीव कासावीस होतो.

या सल्ल्यातली अडचण वेळेची आहे. तपासण्या, श्रवणयंत्राचा प्रयोग, पैशांची किंवा सरकारी योजनेची जुळवाजुळव, शस्त्रक्रिया, यंत्राचं जुळवणं, मग थेरपी. यात एक-दोन वर्षं सहज जातात, आणि शेवटी किती फायदा होईल हे मुलागणिक बदलतं. भाषेसाठी मेंदू सगळ्यात उत्सुक असतो तो नेमका याच काळात. रेचेल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की लहानपणी कोणतीच भाषा नीट न मिळालेली माणसं पुढे कुठल्याही भाषेत मागे राहतात. उलट, लहानपणी सांकेतिक भाषा मिळालेल्यांना पुढे इंग्रजीही चांगली आली. पहिली भाषा दुसरीची जागा अडवत नाही, तिच्यासाठी जागा करते.

संशोधन सगळं एकाच बाजूला आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात खुणा न वापरणाऱ्या घरांतल्या इम्प्लांटच्या मुलांचं बोलणं सरस आढळलं. त्यावर मोठा आक्षेप असा, की त्यात दोन-चार खुणा करणारी घरं आणि पूर्ण सांकेतिक भाषा वापरणारी घरं एकाच गटात धरली होती. दुसरीकडे, सांकेतिक भाषा बोलणाऱ्या कर्णबधिर आईबापांच्या पोटी जन्मलेली इम्प्लांटची मुलं बोलण्यातही ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने राहिल्याचं २०१४ मध्ये दिसलं. ऐकू येणाऱ्या बाळाला आपण हौसेने खुणा शिकवायच्या आणि ज्याला त्यांची खरी गरज आहे त्याच्यापासून त्या लपवायच्या, हे मला कुठल्याही हिशेबाने पटत नाही.

मग सुरुवात कुठून? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे श्रवण तपासणी, समुपदेशन होतं आणि सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रमही चालतात. पण त्याहून आधी एखाद्या मोठ्या कर्णबधिर माणसाची ओळख करून घ्या. शहरागणिक कर्णबधिरांच्या संघटना आहेत, कर्णबधिरांच्या शाळांमधून त्यांचा पत्ता लागतो. अनेक पालकांनी आपल्या बाळाच्या आधी एकही कर्णबधिर माणूस भेटलेला नसतो. नोकरी करणारा, संसार असलेला, गप्पांत रमणारा असा एखादा भेटला की भीतीचा निम्मा भार उतरतो.

त्यांच्याकडून खुणांपेक्षाही आधी शिकायची असते ती बाळाशी बोलायची रीत. ऐकणारी आई पाठमोरी पोळ्या लाटताना बोलत राहते. कर्णबधिर आई बाळाच्या खांद्याला किंवा पायाला हलकेच थोपटते आणि नजर वळेपर्यंत थांबते. मग खूण करते, मोठी, सावकाश, दोन-तीनदा. बाळ चेंडूत रमलं असेल तर नजर मागत बसत नाही. चेंडूशेजारीच हात नेऊन तिथेच ‘चेंडू’ची खूण करते, किंवा बाळाच्याच अंगावर. ऐकणाऱ्या आईबापांना हे थांबणं सगळ्यात जड जातं, कारण आपल्याला पाहता पाहता ऐकायची सवय असते. कर्णबधिर बाळाला एका वेळी एकच गोष्ट पाहता येते, एकतर चेंडू नाहीतर तुमचे हात.

‘पण आम्हालाच ही भाषा येत नाही, मुलाला काय देणार?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. नाओमी कॅसेली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नेमक्या अशाच घरांकडे पाहिलं : आईबाप ऐकणारे, मूल कर्णबधिर, आणि पालक अमेरिकन सांकेतिक भाषा अजून स्वतःच शिकत असलेले. ज्या बाळांना ही भाषा सहा महिन्यांच्या आत दिसू लागली होती, त्यांचा शब्दसंग्रह वयाला साजेसा वाढला. पालकांचे हात अडखळत होते, चुकत होते, तरीही.